लाल गाडी, राखाडी गाडी आणि पाथर्डीचा रस्ता

डिसेंबरातल्या एका गार सकाळी केडगावातल्या आमच्या गल्लीत दोन गाड्या एकामागे एक उभ्या राहिल्या, तेव्हा समोरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "मुलगी बघायला निघालात का गं?"

"नाही काकू, गाडी बघायला."

"मग या दोन काय आहेत?"

प्रश्न रास्त होता. मी नगरच्या एका शाळेत भूगोल शिकवते. जिल्ह्याचा नकाशा फळ्यावर डोळे मिटून काढू शकते, पण तो जिल्हा मी पाहिला बहुतेक एसटीच्या खिडकीतून. आता आमच्या संस्थेने मला बढती देऊ केली होती, मुख्याध्यापिका म्हणून. शाळा पाथर्डीच्याही पलीकडच्या एका गावात. रोज जाऊन येऊन करायचं तर गाडी हवी, आणि ती मीच चालवायला हवी. कारण माझा नवरा विश्वास गाडी चालवत नाही. चालवणाऱ्याला सूचना देण्याचा मात्र त्याचा अनुभव दांडगा आहे.

"नको म्हणून सांग," तो आठवडाभर म्हणत होता. "थोडी वर्षं राहिलीत नोकरीची. या वयात घाट कशाला चढायचा?"

संस्थेला होकार किंवा नकार दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत कळवायचा होता, आणि होकार असेल तर नगरच्या कचेरीत जाऊन सही करायची होती. म्हणून ही मोहीम. लाल गाडी माझ्या धाकट्या दिराची, शेखरभाऊजींची. ऑटोमॅटिक गिअर, छतात उघडणारी काच, आणि ड्रायव्हरपेक्षा गाडीलाच जास्त कळतं असा तिचा लौकिक. राखाडी गाडी माझी मैत्रीण नीलिमा हिची. ती आमच्याच शाळेत गणित शिकवते, सासर श्रीगोंदा तालुक्यातलं. तिच्या गाडीला साधा गिअर, उंच बैठक, आणि मागच्या सीटखाली कायम थोडी माती. दोन्ही गाड्या छोट्या एसयूव्ही म्हणतात त्यांतल्या, उंचीला आणि लांबीला जवळजवळ सारख्या. दोघांचंही म्हणणं एकच होतं, की मी त्यांच्यासारखी गाडी घ्यावी. जाताना लाल, येताना राखाडी, रात्री नीलिमाच्या सासरी हुरडा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धुक्यात परीक्षा, असं ठरलं.

मी लाल गाडीच्या चाकामागे बसले. शेजारी भाऊजी, मागे माकडटोपी घालून विश्वास. नीलिमा मागून राखाडी घेऊन.

शहरातून बाहेर पडेपर्यंत लाल गाडीने मला जिंकलं. क्लच नाही, गिअर नाही, नुसतं पाय दाबायचा आणि सोडायचा. चौकात रिक्षा आडवी आली, भाजीची हातगाडी आली, एक म्हैस तर थांबून माझ्याकडे बघत राहिली. गाडी कुठेही बंद पडली नाही. फक्त ती ओरडत होती. रिक्षा जवळ आली की टीं टीं, म्हैस जवळ आली की टीं टीं टीं.

"तिला म्हैस कळते?" विश्वासने विचारलं.

"अडथळा कळतो दादा," भाऊजी अभिमानाने म्हणाले.

भिंगारच्या पुढे रस्ता मोकळा झाला आणि वेगळीच पंचाईत सुरू झाली. या गाडीत एक सोय आहे. रस्त्यावरचा पांढरा पट्टा तुम्ही ओलांडायला लागलात की स्टिअरिंग स्वतःहून तुम्हाला आत ओढतं. आता आपल्याकडे पट्ट्याच्या आत खड्डा असेल तर माणूस पट्ट्याबाहेर जाणारच. मी खड्डा चुकवायला उजवीकडे वळवलं, गाडीने डावीकडे ओढलं. मी पुन्हा उजवीकडे, ती पुन्हा डावीकडे. शेवटी दोघींनी मिळून खड्डा घेतला.

"वहिनी, तिच्याशी भांडू नका," भाऊजी म्हणाले.

"मी कुठे भांडतेय? तीच मला खड्ड्यात घालतेय!"

भाऊजींनी एक बटण दाबून ती सोय बंद केली, पण चेहऱ्यावरून वाटलं की त्यांच्या मुलीला मी वर्गाबाहेर उभं केलं.

करंजीच्या घाटात मात्र मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. एका अंगाला कोरडा डोंगर, दुसऱ्या अंगाला खोल दरी, खाली पिवळं पडलेलं गवत आणि त्यात मधूनच एखादं हिरवं चौकोनी शेत. वळणावर समोरून ट्रक आला की मागून विश्वासचा श्वास ऐकू येई. गाडी सुरेख उतरली. मी घाट उतरलेय, हे खाली आल्यावर माझ्या लक्षात आलं आणि हाताला सुटलेला घाम मी साडीला पुसला.

तिसगावात चहाला थांबलो. टपरीवरच्या बाई उकळत्या चहावरून आमच्याकडे निरखून बघत होत्या. दोन गाड्या, चार माणसं.

"कोन चालवतंय?" त्यांनी विचारलं.

"ही लाल मी, आणि ती राखाडी ह्या," मी म्हणाले.

त्यांनी आधी भाऊजींकडे, मग विश्वासकडे बघितलं. "मंग ह्ये दोगं कशाला आन्लेत?"

नीलिमा चहा सांडेपर्यंत हसली. विश्वासने माकडटोपी कानांवरून आणखी खाली ओढली आणि तो गाडीत जाऊन बसला. त्याला थंडी वाजत होती, म्हणून आम्ही चहा संपेपर्यंत इंजिन चालूच ठेवलं होतं, आत हीटर लावून. निघताना भाऊजी म्हणाले, "मी जरा नीलिमाताईंच्या गाडीत बसतो. शत्रूची गाडी आतून बघून घेतो." मी म्हणाले बसा.

लाल गाडी निघताना टीं टीं करू लागली. समोरच्या पडद्यावर काहीतरी अक्षरं आली, पण चष्मा बदलेपर्यंत गेली.

"पट्टा लाव म्हणत असेल," विश्वास म्हणाला. त्याने पट्टा लावला. टीं टीं थांबलं. आम्ही दोघंही स्वतःवर खूष झालो.

पाथर्डी ओलांडून आत वळलं की जमीन बदलते. माळ, बाभळी, दगडी बांध, आणि गावं इतकी शांत की गाडीचा आवाज आपल्यालाच मोठा वाटतो. या दिवसांत इथली धडधाकट माणसं कारखान्यांवर ऊस तोडायला गेलेली असतात. मागे राहतात म्हातारी माणसं, आणि ज्यांना मागे ठेवता येतं तेवढी मुलं. शाळा गावाच्या टोकाला, एका कडुलिंबाच्या झाडाजवळ. मी गाडी सावलीत लावली, बटण दाबून इंजिन बंद केलं, आणि मुख्याध्यापिका दिसतात तशी उतरायचा प्रयत्न केला.

शाळेचा कारभार सध्या गर्जे सर बघत होते. त्यांनी वर्ग दाखवले, प्रयोगशाळेचं कपाट दाखवलं, चहा दिला. मुलांनी गाडीभोवती गर्दी केली. छतातली काच बघून एका मुलीने विचारलं, "बाई, ह्यातून पाऊस येतो का?" मी म्हणाले, बंद केली की नाही येत. "मंग उघडायची कशाला?"

तासाभराने निघायला म्हणून बटण दाबलं. गाडीने नकार दिला. पुन्हा दाबलं. पडद्यावर अक्षरं आली आणि या वेळी चष्मा तयार होता. गाडीत किल्ली नाही, असं गाडी सांगत होती.

"किल्ली कुठाय?" विश्वासने विचारलं.

या गाडीची किल्ली लावायची नसते, नुसती जवळ असली की पुरते. ती भाऊजींच्या खिशात होती, आणि भाऊजी राखाडी गाडीत होते. तिसगावात इंजिन चालूच होतं म्हणून आम्ही इथपर्यंत आलो, इतकंच. राखाडी गाडी मागे पाथर्डीत कुठेतरी थांबली होती. मोबाईलला रेंज नव्हती. गर्जे सरांनी मुलांना वर्गात हाकललं, पण वर्गाच्या खिडकीतून लाल गाडीच दिसत होती, त्यामुळे उपयोग झाला नाही.

आम्ही लिंबाखाली खुर्च्या टाकून बसलो. थोड्या वेळाने एक म्हातारी काठी टेकत आली. नातीला डबा द्यायला आली होती. नाव गयाबाई. मुलगा-सून श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला होते, नववीतली नात तिच्यापाशी.

"तुमीच का नव्या बाई?" तिने मला विचारलं.

"अजून ठरलं नाही आजी."

"आसं व्हय." ती खाली बसली. "मागल्या बाई चांगल्या हुत्या. दिवाळीपोतुर राहिल्या. त्याच्या आदीचे सर तं आलेच न्हाईत, नुसतं नाव आलं." मग तिने विश्वासकडे वळून विचारलं, "तुमी येऊ देनार का ह्यांना?"

विश्वासला असा थेट प्रश्न कुणी विचारत नाही. तो नोकरीत असताना जमीन मोजणीच्या कचेरीत होता. तिथे प्रश्न विचारायचं काम त्याचं होतं. तो म्हणाला, "रस्ता लांब आहे हो आजी."

"लांब हाय," गयाबाई म्हणाली. "माझं पोरगं तं दोन म्हयने झालं गेलंय."

ती चिडून बोलली नव्हती. विश्वासने टोपी काढली, हातात धरली आणि परत घातली.

बऱ्याच वेळाने राखाडी गाडी धूळ उडवत आली. भाऊजी उतरले, हातात पिशवी. "पाथर्डीत ताजा चिवडा मिळाला! तुम्ही अजून इथेच?"

मी हात पुढे केला. भाऊजींनी चिवड्याची पुडी हातावर ठेवली. "किल्ली!" मी आणि विश्वास एकदम ओरडलो, आणि वर्गाच्या खिडकीतून हशा आला.

येताना राखाडी माझ्याकडे आली. ही गाडी स्वतःहून काहीच करत नाही. ओरडत नाही, ओढत नाही, आणि तुम्ही चुकलात तर बंद पडून मोकळी होते. करंजीचा घाट चढताना पुढचा ट्रक थांबला, मी थांबले, आणि परत निघताना क्लच सुटला. गाडी बंद. दुसऱ्यांदा बंद. तिसऱ्यांदा ती थोडी मागे घसरली आणि मागून ट्रकने असा हॉर्न दिला की डोंगरातून दोनदा ऐकू आला.

"हँडब्रेक लाव," शेजारून नीलिमा शांतपणे म्हणाली. "आता गॅस दे, क्लच हळू. गाडी पुढे ओढायला लागली की हँडब्रेक सोड."

गाडी ओढायला लागली. मी हँडब्रेक सोडला आणि आम्ही वर गेलो. लाल गाडीने मला घाट उतरवून दिला होता. चढताना मात्र गाडी मी चढवली होती. दमले खूप, पण मनात कुठेतरी बरं वाटलं.

नगर ओलांडून दौंडच्या रस्त्याने श्रीगोंदा तालुक्यात शिरेपर्यंत ऊन उतरलं होतं. दोन्ही बाजूंना ऊस, कॅनॉलचं पाणी, हवेत मळीचा गोडसर आंबूस वास. पाथर्डी आणि हे, एकाच जिल्ह्यात. नीलिमाच्या सासऱ्यांनी, आबांनी, शेतातच आगटी (हुरडा भाजायची शेणगोवऱ्यांची खळगी) पेटवली होती. गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, वर बाजरीची भाकरी आणि भरीत. भाऊजींनी इतका हुरडा खाल्ला की आबांनी जास्तीची कणसं मागवली.

आबांनी दोन्ही गाड्यांभोवती एक एक फेरी मारली. "मानसं किती बसत्यात?"

"पाच," भाऊजी म्हणाले.

"दारं लावून?"

"अहो आबा, दारं लावूनच!"

"मंग ठीक हाय," आबा म्हणाले, आणि पुन्हा आगटीपाशी येऊन बसले. गाड्यांबद्दल त्यांचं मत तेवढंच.

सकाळी उठून दार उघडलं तर अंगण नव्हतं. गोठा नव्हता, रस्ता नव्हता, ऊस नव्हता. सगळं पांढरं. कॅनॉलच्या बाजूचं धुकं काय असतं ते मी पुस्तकातून किती वर्षं शिकवत होते, पण त्यात स्वतःचे पाय दिसत नाहीत हे पुस्तकात नव्हतं. अकराच्या आत नगरला पोचायचं होतं. थांबून चालणार नव्हतं.

भाऊजी लाल गाडी घेऊन पुढे, मी राखाडी घेऊन मागे. शेजारी नीलिमा, मागे पांढरी शाल आणि माकडटोपी घेतलेला विश्वास. पहिल्या पाच मिनिटांत आमची काच आतून पांढरी झाली. विश्वास मागून वाकून शालीने पुसू लागला, तिच्यावर आणखी फराटे उमटले. नीलिमाने गार हवा थेट काचेवर सोडली. काच स्वच्छ झाली, आम्ही कुडकुडलो. मी दिवे खाली केले. वरचे लावले की पुढे नुसती भिंतच उभी राहत होती. लाल गाडीचे मागचे दोन तांबडे ठिपके बघत मी चालले होते. भाऊजींनी फोनवरून कळवलं की त्यांच्या गाडीने धुक्यात काही दिसत नसल्याचं जाहीर करून सगळ्या सोयी बंद केल्या आहेत.

"म्हणजे आता ती आमच्यासारखीच," नीलिमा म्हणाली.

ऊसतोडीच्या दिवसांत या रस्त्यावर ट्रॉल्यांच्या चाकांची माती पडते. दवाने ती साबणासारखी होते. एका वळणावर समोरून उसाची ट्रॉली आली, दिवा एकच. भाऊजींनी गाडी बाजूला घेतली आणि तांबडे ठिपके हळूच तिरके होऊन खाली गेले.

आम्ही धावलो. लाल गाडी नुकत्याच पाणी दिलेल्या शेतात बसली होती. भाऊजी दार उघडून उतरले ते घोट्यापर्यंत चिखलात. कुणाला काही लागलं नव्हतं. धुक्यातून शेताचा मालक आला. त्याने भाऊजींकडे न बघता आधी पिकाच्या सऱ्या बघितल्या, मग म्हणाला, "थांबा, टॅक्टर आनतो. पन उजेड पडू द्या."

मी घड्याळ बघितलं. नीलिमा म्हणाली, "तू नीघ. मी थांबते भाऊजींबरोबर, माणसं ओळखीची आहेत इथली."

"मी? एकटी?"

"वहिनी, जा तुम्ही," भाऊजी चिखलातून म्हणाले. "अकरा वाजायच्या आत जा."

मी राखाडी गाडीत बसले. विश्वास शेजारी येऊन बसला. काही क्षण मी गाडी सुरूच केली नाही. पुढे कॅनॉलच्या कडेचा रस्ता होता, कठडा नसलेला, आणि आता बघायला तांबडे ठिपकेही नव्हते. वाटलं, झालं. फोन करून नको म्हणून सांगावं. विश्वासलाही तेच हवं होतं.

"जमणार नाही मला," मी म्हणाले.

विश्वासने दार उघडलं. मला वाटलं, हा आता घरी चालत जाणार.

"मी पुढे चालतो," तो म्हणाला. "टॉर्च लावतो मोबाईलचा. तू माझ्या मागे ये. रस्त्याची कड मी बघतो."

"अरे, वेडा आहेस का!"

"कॅनॉल संपेपर्यंतच. आणि सूचना मी चालता चालताही देऊ शकतो."

आणि तो निघाला. पांढरी शाल, माकडटोपी, हातात उजेड. मी पहिल्या गिअरवर त्याच्या मागे. गाडी एकदाही बंद पडली नाही. पडायला मला वेळच नव्हता. माझे डोळे त्या शालीवर होते. तो मधून हात उजवीकडे करी, मी उजवीकडे घेई. हात वर करी, मी थांबे.

मध्येच समोरून ट्रॅक्टर धडधडत आला आणि विश्वासला बघून थांबला. ड्रायव्हरने खाली उतरून हात जोडले.

"महाराज, कुटं निघाले?"

"नगरला," विश्वास म्हणाला.

"पायी?"

"बायको मागे गाडीत आहे."

ड्रायव्हरने मागे वाकून मला बघितलं, मग विश्वासला. जोडलेले हात सुटले. "आन् तुमी पुडं चालताय? भांडान झालं का काय?"

"नाही हो," विश्वास म्हणाला. "तिला पाथर्डीला मुख्याध्यापिका व्हायचंय. अकराच्या आत पोचायचंय."

ड्रायव्हरला यातलं काय कळलं कोण जाणे. पण त्याने ट्रॅक्टर एका अंगाला दाबून घेतला आणि आम्ही जाईपर्यंत तो हात करत राहिला. मला मात्र आतमध्ये एकटीला हसूही येत होतं आणि समोरची शाल अंधूकही दिसत होती, आणि त्यातलं थोडंच धुक्यामुळे.

कॅनॉल संपला, डांबरी रस्ता चढाला लागला आणि धुकं विरळ झालं. विश्वास गाडीत येऊन बसला, माकडटोपीवर दवाचे थेंब. "तिसरा टाक आता," तो म्हणाला. मी टाकला.

संस्थेच्या कचेरीत आम्ही वेळेत पोचलो. मी होकार दिला. अध्यक्षांनी विचारलं, रोजच्या प्रवासाचं काय केलंत? मी म्हणाले, काल आणि आज बघून आले.

दुपारी भाऊजी आणि नीलिमा चिखलाने माखलेली लाल गाडी घेऊन केडगावला आले. जेवताना निकाल विचारला गेला. मी खरं ते सांगितलं. शहरात, रोजच्या गर्दीत, गुडघे दुखत असताना लालसारखी गाडी नाही. चिखलात, धुक्यात आणि खड्ड्यात मला राखाडीच बरी वाटली. तिला मी काय करतेय ते आधी कळत नाही, म्हणून मला कळून घ्यावं लागतं. तेव्हा घेणार मी राखाडीसारखी, पण ऑटोमॅटिक गिअरची, ती मिळते.

"म्हणजे माझं ऐकलंस," नीलिमा म्हणाली.

"छे, गिअर माझाच घेतलाय वहिनींनी," भाऊजी म्हणाले. दोघंही थोडे जिंकले आणि थोडे रुसले. चिवडा संपेपर्यंत वाद चालला.

ते गेल्यावर मी ओट्यापाशी पाणी पीत उभी राहिले. घर नेहमीचंच होतं, पण दोन दिवसांत मी ज्या वाटेने जाऊन आले ती आता फळ्यावरच्या रेषेसारखी राहिली नव्हती. तिच्यावर माणसं होती, वळणं होती, आणि मी स्वतः गाडी चढवलेला एक घाट होता. भीती गेली होती असं नाही. ती पाथर्डीपर्यंत बरोबर येणार, एवढं मी धरून चालले.

विश्वास शाल वाळत घालून आत आला. फ्रीज उघडून बराच वेळ बघत उभा राहिला.

"गाडी आली की तुला डबा किती वाजता लागेल?" त्याने विचारलं.

"साडेसहाला निघावं लागेल."

"मग साडेपाचला उठतो मी," तो म्हणाला. "भेंडी चालेल?"